पडदा उठायच्या आधीचं संगीत: सिबेलियसने नाटकांसाठी काय लिहिलं?

संगीताच्या कुठल्याही ॲपवर फिनलंडच्या जाँ सिबेलियसचं नाव टाकलं की दोन रचना हटकून वर येतात: 'फिनलांडिया' आणि 'वाल्स त्रिस्त'. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वाटेला कधी न गेलेल्यांच्याही कानावरून यातली एखादी गेलेली असते. गंमत अशी, की सात सिंफनी लिहून नाव कमावलेल्या या माणसाच्या या दोन सर्वाधिक लोकप्रिय रचनांचा सिंफनीशी काही संबंध नाही. दोन्ही लिहिल्या गेल्या रंगमंचासाठी.

यादीत आणखी खाली गेलं की गोंधळ वाढतो. 'पेलेआस आणि मेलिसांद, ओपस ४६'. 'बेल्शाझरची मेजवानी, ओपस ५१'. 'द टेंपेस्ट, ओपस १०९'. ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेला दिलेला क्रमांक, एवढं समजलं तरी बाकीचे प्रश्न उरतातच. शेक्सपियरचं नाटक आहे, मग हा ऑपेरा, म्हणजे सगळं गाऊन सांगणारं नाटक, आहे का? ऑपेरा असेल तर गाणारे कुठे आहेत? आणि काही तुकडे मिनिटा-दीड मिनिटात का संपतात?

आधी सिबेलियसबद्दल थोडं

जन्म १८६५ चा, हॅमेनलिना या छोट्या गावातला. फिनलंड तेव्हा स्वतंत्र देश नव्हता. रशियाच्या झारच्या अमलाखालचा प्रांत होता. घरची भाषा स्वीडिश, शाळा फिनिश. या दोन भाषांचं पुढे नाटकांच्या बाबतीत काम पडणार आहे.

सिंफनी म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीची, सहसा तीन-चार भागांची मोठी रचना. तिच्यात शब्द असतीलच असं नाही, गोष्टही लागत नाही. सूर एकमेकांतून कसे उगवतात, वाढतात, भिडतात हाच तिचा विषय. सिबेलियसच्या सात सिंफनी १८९९ ते १९२४ या काळात पुऱ्या झाल्या. त्याच वर्षांत दुसऱ्या हाताने तो दहा-बारा नाटकांना आणि रंगमंचावरच्या प्रयोगांना संगीत देत होता. चरित्रांमध्ये हा दुसरा हात जरा मागेच ठेवला जातो, असं मला वाटतं.

मग हे संगीत नाटक होतं का?

नाही, आणि मराठी वाचकाचा घोळ नेमका इथेच होतो. आपल्याकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हापासून 'नाटकातलं संगीत' म्हटलं की डोळ्यांसमोर गाणारा नट येतो. पद नटाच्या तोंडी, वन्स मोअरही त्यालाच. सिबेलियसच्या नाटकांतले नट मुख्यतः बोलतात. एखाद-दुसरं गाणं असतं, पण संगीताचा भार वाद्यवृंदावर.

आपल्या नाटकांच्या जाहिरातीत 'पार्श्वसंगीत' म्हणून जे नाव छापलेलं असतं, त्याच्या हे जास्त जवळचं आहे, पण त्याहून व्यापक. पडदा उठण्याआधी वाजायची प्रस्तावना, दोन अंकांच्या मधलं संगीत, पात्र संवाद म्हणत असताना खालून चालणारं संगीत, आणि नाटकातच कुणी नाचतं, गातं किंवा मिरवणूक निघते तेव्हाचं संगीत, हे सगळं यात आलं. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते, बटण दाबून वाजवायला रेकॉर्डिंग नव्हतं. त्यामुळे चांगल्या नाट्यगृहाला वादक लागतच. ते रंगमंचासमोर खाली बसत आणि प्रत्येक प्रयोगाला पुन्हा वाजवत.

एकाच नाटकाचं चौघांनी काय केलं

फरक समजून घ्यायला एक उदाहरण पुरेसं आहे. बेल्जियमच्या मोरिस मेटरलिंकचं 'पेलेआस आणि मेलिसांद' हे नाटक १८९० च्या दशकातलं. जंगलात सापडलेली, कुठून आली हे कुणालाच माहीत नसलेली मेलिसांद. तिच्याशी लग्न करणारा गोलो. आणि तिच्यावर जीव जडलेला त्याचा धाकटा सावत्र भाऊ पेलेआस. पात्रं कमी बोलतात आणि जे बोलतात त्यातही निम्मं सांगत नाहीत. संगीतकार या नाटकावर तुटून पडले ते काही उगाच नाही.

फ्रेंच संगीतकार फोरेने १८९८ मध्ये लंडनमधल्या प्रयोगासाठी संगीत लिहिलं. फ्रान्सच्याच देबुसीने त्याचा ऑपेरा केला, तो १९०२ मध्ये पॅरिसला रंगमंचावर आला; त्यात सगळा संवाद गायला जातो. ऑस्ट्रियाच्या शोएनबर्गने नट आणि शब्द दोन्ही बाजूला ठेवले आणि प्रचंड ऑर्केस्ट्रासाठी एक अखंड रचना केली. ती कथा फक्त वाद्यांनी सांगायची. १९०५ च्या मार्चमध्ये हेलसिंकीच्या स्वीडिश थिएटरने हे नाटक स्वीडिशमध्ये केलं, त्याला संगीत सिबेलियसचं. पहिल्या प्रयोगाला वाद्यवृंदाचं संचालनही त्याचंच.

देबुसी आणि शोएनबर्ग नाटकाच्या जागी संगीत बसवतात. फोरे आणि सिबेलियस नाटकाच्या शेजारी बसतात. शेजारी बसणाऱ्याला बोलणाऱ्याचा आवाज दाबून चालत नाही, आणि तो गप्प झाला की मधली जागा भरूनही काढावी लागते. या प्रकारातली सगळी कारागिरी या एका अटीतून येते.

मोजके वादक, आणि रोज वेगळ्या वेगाने बोलणारा नट

'पेलेआस'साठी सिबेलियसने घेतलेली वाद्यं पाहा. बासरी एक, ओबो एक, ओबोचा खालच्या सुरातला भाऊ कोर आंग्ले, दोन क्लॅरिनेट, दोन बसून, दोन हॉर्न, थोडी तालवाद्यं आणि तंतुवाद्यं. ट्रंपेट नाही, ट्रॉम्बोन नाही. तीन वर्षांपूर्वीच ज्याने दुसऱ्या सिंफनीचा शेवट पितळी वाद्यांच्या गजराने केला होता, त्याच्या हाती आता हे एवढंच.

पण मेलिसांद रंगमंचावर येते तेव्हा कोर आंग्ले वाजतं, जरासं घोगरं, एकटं, आणि ही मुलगी इथली नाही हे कुणी न सांगता समजतं. मोठा वाद्यवृंद असता तर हे इतकं नेमकं झालं असतं का, मला शंका आहे.

चित्रपटाच्या पार्श्वसंगीताशी तुलना लगेच सुचते, पण तिथे एक मोठा फरक आहे. चित्रपटात दृश्य आधी पक्कं होतं आणि संगीत सेकंदाच्या हिशेबाने त्यावर बसतं. नाटकात नट आज सावकाश बोलेल, उद्या घाईत. नेपथ्य बदलायला कधी दोन मिनिटं लागतील, कधी चार. म्हणून असं संगीत लवचीक लागतं: परत वाजवता येतील अशी आवर्तनं, लांबवता येईल असा सूर, कुठेही थांबलं तरी तुटल्यासारखं वाटणार नाही अशी वाक्यं. छोटे तुकडे छोटे का, याचं उत्तर इतकं व्यावहारिक आहे. रंगमंचावर तेवढाच वेळ होता.

नटांना हे संगीत अडचण वाटत होतं का? निदान एकीला तरी नाही. स्वीडिश अभिनेत्री हॅरिएट बोसे १९०६ मध्ये हेलसिंकीत मेलिसांद करत होती. मृत्यूच्या प्रवेशात खालून वाजणाऱ्या संगीताने ती इतकी हलली, की तिने ऑगस्ट स्ट्रिंडबर्गला, म्हणजे आपल्या माजी नवऱ्याला, सिबेलियसचं नाव सुचवलं. त्यातून १९०८ साली स्ट्रिंडबर्गच्या 'स्वानव्हीट' या परीकथेसारख्या नाटकाला सिबेलियसचं संगीत मिळालं.

मरणशय्येवरचा नाच

'वाल्स त्रिस्त' म्हणजे उदास वॉल्ट्झ, जोडीने नाचायची युरोपीय धून. आज ती लग्नाच्या मेजवानीतही वाजताना ऐकू येते, तेव्हा मूळ प्रवेश माहीत असणाऱ्याला जरा कसंसंच होतं.

नाटकाचं नाव 'कुओलेमा', फिनिशमध्ये मृत्यू. लेखक आर्विद यार्नेफेल्ट, सिबेलियसच्या बायकोचा, आइनोचा भाऊ. पहिला प्रयोग २ डिसेंबर १९०३, हेलसिंकीच्या फिनिश नॅशनल थिएटरमध्ये. रात्रीची वेळ. आजारी आईजवळ बसून बसून मुलाचा डोळा लागलाय. खोलीत लालसर उजेड पसरतो, दुरून वॉल्ट्झ ऐकू येते. आई उठते, पांढऱ्या झग्यातच डोलायला लागते, अदृश्य पाहुण्यांना बोलावते. जोडपी येतात, तिच्याभोवती फिरतात, पण कुणी तिच्या नजरेला नजर देत नाही. ती थकून कोसळते, पुन्हा उठते, नाच आता वेडापिसा होतो. दारावर थाप पडते. उंबऱ्यावर मृत्यू उभा.

आता रचना ऐका. सुरुवातीला खालच्या तंतुवाद्यांच्या तारा नुसत्या बोटांनी छेडलेल्या, म्हणजे दुरून येणारा नाच. मग सूर, जो धड सुरू होत नाही, अडखळतो. मध्येच खोटा उल्हास. शेवटी वेग वाढत जातो, एकदम तुटतो आणि चार एकट्या व्हायोलिनचे क्षीण स्वर राहतात. यातली एकही गोष्ट शोभेसाठी नाही. रंगमंचावर जे घडत होतं त्याचा हा जवळजवळ नकाशा आहे.

१९०३ ची मूळ वॉल्ट्झ फक्त तंतुवाद्यांची होती. १९०४ मध्ये सिबेलियसने ती मैफलीसाठी सुधारली; एक बासरी, एक क्लॅरिनेट, दोन हॉर्न आणि टिंपनी, म्हणजे नगाऱ्यांसारखे ढोल, घातले. रचना युरोपभर गाजली. हक्क मात्र त्याने एकरकमी विकून टाकले होते, त्यामुळे हॉटेलांतून आणि बागांतून ती वाजत राहिली आणि याच्या हाती त्यातलं काही आलं नाही. हे शल्य त्याला पुरलं.

याच नाटकातला दुसरा तुकडा फारसा कुणी ऐकत नाही: 'क्रौंचांचा प्रवेश'. मोठा झालेला तो मुलगा आणि त्याची बायको यांच्यावरून क्रौंचांचा थवा जातो आणि त्यातला एक पक्षी त्यांना बाळ आणून देतो. दोन क्लॅरिनेट पक्ष्यांसारखी हाक देतात, बाकी तंतुवाद्यं जवळजवळ स्थिर. मला विचाराल तर हा तुकडा 'वाल्स त्रिस्त'च्या वरचढ आहे.

सजीव देखाव्यातून 'फिनलांडिया'

१८९९ च्या फेब्रुवारीत झार निकोलस दुसरा याने जाहीरनामा काढून फिनलंडची स्वायत्तता छाटली. वृत्तपत्रांवर बंधनं आली. उघड सभा घेऊन निषेध करणं शक्य नव्हतं, म्हणून नोव्हेंबरमध्ये पत्रकारांच्या निवृत्तिवेतन निधीच्या नावाखाली समारंभ ठरला. ४ नोव्हेंबरला स्वीडिश थिएटरमध्ये फिनलंडच्या इतिहासाचे सजीव देखावे झाले. गणेशोत्सवात मंडळं करतात तसेच: माणसं वेशभूषा करून उभी, बाजूने कविता वाचली जातेय, आणि इथे जोडीला सिबेलियसचा ऑर्केस्ट्रा.

शेवटच्या देखाव्याचं नाव होतं 'फिनलंड जागा होतो'. त्यात कवी रुनेबर्ग होते, लोकगीतं गोळा करून 'कालेवाला' महाकाव्य सिद्ध करणारे लोनरोत होते, आणि देशातलं पहिलं रेल्वे इंजिनही होतं. या देखाव्याचं संगीत पुढच्या वर्षी सुधारून 'फिनलांडिया' या नावाने वाजू लागलं. पितळी वाद्यांची ती दबलेली गुरगुर, मग धावणारी लय, मग प्रार्थनेसारखी शांत धून. सगळे तिला देशभक्तीचं अमूर्त चित्र समजतात. प्रत्यक्षात त्या रात्री प्रेक्षकांसमोर ठोस देखावा होता, इंजिनासकट.

हेलसिंकीत एक थिएटर स्वीडिश, एक फिनिश, आणि दोन्हींचे प्रेक्षक, वर्तमानपत्रं, राजकारणही बरंचसं वेगळं. सिबेलियसने दोन्हीकडे काम केलं. त्याच्या संगीताला भाषांतर लागत नव्हतं, ही त्या शहरात मोठी सोय होती.

'सूट' म्हणजे काय, आणि त्यात काय हरवतं

नाटक उतरलं की संगीतही उतरतं. ते वाचवायचा मार्ग म्हणजे सूट: नाटकातले निवडक तुकडे घ्यायचे, लहान-मोठे करायचे, ओळीने लावायचे आणि मैफलीत वाजवायचे. आज आपण ॲपवर जे ऐकतो ते बहुधा हेच असतं.

याची किंमत 'टेंपेस्ट'मध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. बॅरन आक्सेल कार्पेलान या मित्राने शेक्सपियरचं हे नाटक सिबेलियसला १९०१ मध्येच सुचवलं होतं. प्रत्यक्ष विचारणा झाली १९२५ मध्ये, कोपनहेगनच्या रॉयल थिएटरकडून. तिथे नाटक, ऑपेरा आणि बॅले एकाच छताखाली चालत, त्यामुळे मोठा ऑर्केस्ट्रा, गायक, समूहस्वर सगळं हाताशी. सिबेलियसने तासाभराहून अधिक संगीत लिहिलं. मार्च १९२६ मध्ये नाटक रंगमंचावर आलं तेव्हा तो स्वतः इटलीत होता.

या नाटकाची सुरुवात वादळाने होते, आणि त्यासाठी त्याने लिहिलेल्या प्रस्तावनेत धून नावाची गोष्टच नाही. स्वर लाटांसारखे चढतात-उतरतात, पितळी वाद्यं मधूनच ओरडतात, कान कुठेही टेकत नाही. १९२५ सालचं हे संगीत आजही नवं वाटतं. पुढे मैफलीसाठी दोन सूट केले तेव्हा वादळ आखडून पहिल्या सूटच्या शेवटी गेलं. ज्याच्यामुळे सगळं घडतं तेच शेवटी! मैफलीत शेवट दणक्यात व्हावा हे ठीक, पण शेक्सपियरची गोष्ट त्यात उलटी झाली. शिवाय नाटकातल्या एरियल या आत्म्याची गाणी शब्दांविना राहिली. पूर्ण संगीताचं ध्वनिमुद्रण यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. ते केलं ऑस्मो व्हान्स्का आणि लाहती सिंफनी ऑर्केस्ट्राने.

"पण हे पोटापाण्याचं काम नव्हतं का?"

काही अंशी होतंच. १८९७ च्या अखेरीपासून सरकारकडून त्याला वर्षाला ३००० मार्कांचं अनुदान मिळत होतं, पण उंची सिगार, शॅम्पेन, वाढतं कुटुंब आणि कर्ज यांच्यापुढे ते कुठे पुरणार! 'स्कारामूश' या मूकनाट्याच्या वेळी तर चार-दोन नाच लिहायचे अशा समजुतीने त्याने करारावर सही केली आणि मग कळलं की तासाभराचं अखंड संगीत द्यायचंय. १९१३ मध्ये तेही त्याने पुरं केलं.

टीका समकालीनांकडूनही झाली. १९०७ मध्ये ऑस्ट्रियाचा संगीतकार गुस्ताव माहलर हेलसिंकीत आला होता. तिथे त्याने 'वाल्स त्रिस्त'सारखे लोकप्रिय तुकडे ऐकले आणि बायकोला लिहिलेल्या पत्रात नाक मुरडलं. एवढ्यावरून त्याने सिबेलियसला जोखलं हे अन्यायाचं. सिंफनी त्याने ऐकल्याच नव्हत्या.

दर्जा सगळीकडे सारखा नाही, हेही खरं. 'बेल्शाझरच्या मेजवानी'तली पूर्वेकडची मिरवणूक मला ठोकळेबाज वाटते. युरोपीय कल्पनेतला पूर्व म्हणजे झांजा आणि ढोल. त्याच नाटकातलं 'एकांत' मात्र विलक्षण आहे, फक्त तंतुवाद्यांची सतत हलणारी जाळी.

आणि सालं बघा. दुसरी सिंफनी १९०२, भव्य, भावनांनी ओथंबलेली. तिसरी १९०७, आटोपशीर आणि स्वच्छ. मधल्या काळात 'कुओलेमा', 'पेलेआस', 'बेल्शाझर'. मोजक्या वाद्यांत आणि दोन मिनिटांत वातावरण उभं करायची सवय सिंफनीत उतरली, असं मला ठामपणे वाटतं. रंगभूमी ही त्याची जोडधंद्याची जागा नव्हे, तालीमखाना होता.

"मग सरळ ऑपेराच का नाही लिहिला?"

प्रयत्न केला होता. १८९० च्या दशकात 'कालेवाला'वर आधारित ऑपेरा त्याने हाती घेतला आणि सोडून दिला. त्याच्या प्रस्तावनेतून 'त्वोनेलाचा हंस' ही प्रसिद्ध रचना झाली. १८९६ मध्ये एक एकांकी ऑपेरा पुरा केला, 'मनोऱ्यातली मुलगी', पण तो त्याने पुढे छापू दिला नाही. त्याचा पिंड गोष्ट पुढे नेणाऱ्याचा नव्हताच. गोष्ट दुसऱ्याने सांगावी आणि आपण तिच्याभोवतीची हवा तयार करावी, हे त्याला जमत होतं.

नाटक माहीत नसेल तर?

'कुओलेमा' फिनलंडबाहेर आता क्वचितच कुणी करत असेल, प्रोकोपे या नाटककाराचं 'बेल्शाझर' तर पार विसरलं गेलं. संगीताचं त्यावाचून अडलेलं नाही. 'पेलेआस'मधला पहिला तुकडा, 'किल्ल्याच्या दारात', बीबीसीच्या 'द स्काय ॲट नाइट' या खगोलशास्त्राच्या कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत म्हणून १९५७ पासून वाजतोय. मूळ नाटकात त्यानंतर पडदा उठतो आणि दासी किल्ल्याचं दार उघडून उंबरा धुवायला येतात. ताऱ्यांचा काही संबंध नाही, तरी तिथेही चपखल बसतो.

सुरुवात याच तुकड्याने करा; तीन मिनिटांच्या आसपास काम. मग 'क्रौंचांचा प्रवेश', मग 'टेंपेस्ट'ची मूळ प्रस्तावना, सूटमधली नव्हे. ॲपवर शोधताना ओपस १०९ च्या पुढे 'क्रमांक १' लिहिलंय ना, ते पाहून घ्या. १९१६ सालचं 'येडरमान' मात्र मागे ठेवा. होफमन्स्थालच्या त्या नाटकाचं संगीत संवादांना इतकं चिकटून लिहिलंय, की नुसतं ऐकलं तर मध्येच लांबलचक दबके स्वर का चालू आहेत, कळतच नाही. नाटकाची इंग्रजी भाषांतरं उपलब्ध आहेत. पुस्तक समोर उघडून ऐका.